पाल हेही घरच
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



होळीपासून पाडव्यापर्यंत पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते आणि आपल्या भटक्या बांधवांची पाले माळावर उभी राहतात. कोठेही चोरी झाली की संशयाची पहिली झडती अशाच पालांची होते, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. दार नाही म्हणून विचारणे नाही, भिंत नाही म्हणून अब्रू नाही, अशी जणू समजूतच झाली आहे.

परंतु ही समजूत कायद्याची नव्हे. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने ‘जागा’ या शब्दात घराबरोबर तंबू आणि वाहन यांचाही समावेश केला आहे. गृह-अतिक्रमणाच्या व्याख्येतही माणूस राहतो तो तंबू घराच्याच पंक्तीस बसविला आहे.

सन १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच गुन्हा ठरविला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. सन १९६२ मध्ये खरकसिंग खटल्यात, संशयिताच्या घरी पोलिसांनी रात्री-अपरात्री जाणे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

वॉरंटावाचून झडती मुळीच होत नाही, असे मात्र नाही. तपासात विलंब परवडत नसेल तर पोलीस अधिकाऱ्यास ती घेता येते. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार त्याने कारणे लेखी नोंदवावी लागतात. परिसरातील दोन निःपक्षपाती पंच लागतात. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, मर्यादा राखून घ्यावयाची असते. झडतीचे चित्रीकरण करावे लागते. जप्त वस्तूंच्या यादीची प्रत पालधन्यास द्यावी लागते आणि नोंदीची प्रत ४८ तासांत दंडाधिकाऱ्याकडे पाठवावी लागते.

म्हणून आमची विनंती अशी की, झडतीस कोणी आडवे जाऊ नये; पण कारण विचारावे आणि यादी मागावी. तिचे वाचन झाल्याखेरीज अंगठा देऊ नये. आपल्यापैकी जे पक्क्या घरांत स्थिरावले आहेत, त्यांचे कर्तव्य याहून मोठे आहे. पंच म्हणून बोलावणे आले तर त्यांनी तोंड चुकवू नये, आणि डोळ्यांनी पाहिले तेवढ्यावरच सही करावी. आपल्या पंचाची एक खरी सही एखाद्या निरपराध कुटुंबास वर्षानुवर्षांच्या कोर्टकचेरीतून वाचवील.