मुलं ‘होऽऽ’ म्हणाली, म्हणून काय झालं?



लहान मुलांच्या नाटकात हमखास एक नट पुढे येतो आणि विचारतो, “मुलांनो, मी राक्षसाला शोधायला जाऊ का?” मुलं ओरडतात, “होऽऽ!” “ऐकू नाही आलं!” पुन्हा, दुप्पट जोरात, “होऽऽ!” मागे उभे असलेले गुरुजी खूश, आयोजक खूश. मुलांचा सहभाग झाला! मला विचाराल तर काहीही झालेलं नाही. मुलं ‘नको’ म्हणाली असती तरी तो गेलाच असता, कारण पुढचा प्रवेश लिहून तयार आहे. पहिलीतल्या पोरालाही हे समजतं. ते ओरडतं, कारण वर्गात ओरडायला मिळत नाही.

आपल्याकडे हे जुनं दुखणं नाही. १९५९ साली सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरनं रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ केलं, पुढे ‘अलबत्या गलबत्या’मध्ये दिलीप प्रभावळकरांची चिंची चेटकीण गाजली. त्या परंपरेत मुलांना विचारावं लागत नाही. चेटकीण मागून येतेय हे प्रेक्षकांतल्या मुलाला दिसतं, नायकाला दिसत नाही, आणि मूल खुर्चीवर उभं राहतं. १९८६ साली डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत ‘छान छोटे वाईट मोठे’मधून पुण्यात आली. मोठी माणसं मुलांच्या भूमिका करू लागली. बर्लिनवाले तर नाटकाबरोबर शिक्षकांसाठी पुस्तिकाही देतात, म्हणजे पडदा पडल्यावर वर्गात बोलणं चालू राहतं.

आता आपण इथलंच, सारंगखेड्यातलं एक नाटक डोळ्यांसमोर आणू. पहिली-दुसरीची मुलं. गोष्ट अशी की दत्ताच्या यात्रेतल्या घोडेबाजारात एका व्यापाऱ्याचा घोडा हरवला आहे. पहिला प्रयोग शाळेच्या व्हरांड्यात लावला. व्यापारी विचारतो, “मुलांनो, घोडा कसा असतो?” मुलं गप्प. प्रश्न अवघड नाही, फार मोठा आहे. शिवाय पुस्तकी मराठीत आहे आणि समोरची पोरं घरी अहिराणी, गुजर बोली किंवा भिली बोलतात. मग प्रश्नच काढून टाका. व्यापाऱ्याला घोड्याचं वय ठरवायचंय आणि तो बावळटासारखा शेपटीचे केस मोजत बसलाय, असं करा. सारंगखेड्याच्या पोरानं बाजारात घोड्याचा जबडा उघडून पाहणारी माणसं बघितलेली असतात. ते उठून सांगणारच, “दात देख ना!” नुकरा कुठला, अबलख कुठला, भोवरा कुठे असला म्हणजे गिऱ्हाईक मागे सरतं, हे त्याला नटापेक्षा जास्त ठाऊक असतं. नटाला कमी आणि मुलाला जास्त कळतं, अशी जागा सापडली की नाटक बोलू लागतं.

पण मग एखादं मूल म्हणतं, “घोडा तापीत पोहायला गेला.” संहितेत तो ऊसतोडीच्या तांड्यात सापडायचा आहे. इथे नट “अरे वा!” म्हणून ऊसतोडीकडे वळला, की पुढचा अर्धा तास मुलांनी तोंड का उघडावं? तापीकडे जावं लागतं. म्हणून घोडा सापडण्याच्या दोन-तीन वाटा तालमीतच बसवाव्या लागतात. हे मेहनतीचं काम आहे, आणि बहुतेक मंडळी इथेच अंग चोरतात.

आरडाओरडा वाढला तर? गुरुजींनी छडी आपटली की नाटक संपलं. व्यापाऱ्यानं नुसतं म्हणावं, “हळू रे, घोडा बुजेल.” घोडा बुजणं म्हणजे काय, हे इथल्या मुलांना शिकवावं लागत नाही. काही लहानगी घोड्याच्या मुखवट्याला घाबरून रडतात. त्यावर उपाय म्हणजे मुखवटा त्यांच्यासमोरच चढवायचा. आपल्या सोंगाड्या पार्ट्यांच्या लोकनाट्यातलं सोंग असं कितीदा तरी सगळ्यांच्या देखतच उभं राहतं. आणि गुरुजींच्या हाती घोड्याचा दोर द्यावा, म्हणजे मुलांच्या वतीनं उत्तरं द्यायला ते मोकळे राहत नाहीत.

अशा प्रयोगाला दिग्दर्शकानं नाटक पाहू नये, मुलं पाहावीत. कुठे चुळबुळ सुरू झाली, कोणत्या प्रश्नाला त्याच दोन धीट मुलांनी उत्तर दिलं, मागच्या रांगेतल्या मुली कधी पुढे सरकल्या, हे वहीत टिपावं. आपला नट किती छान बोलला, हे त्या वहीत यायचं कारण नाही.

आता संख्येचं बोलतो, कारण भांडण तिथेच आहे. इंग्लंडमध्ये ब्रायन वे हा मुलांच्या नाटकातला जाणता माणूस दोनशेच्या वर प्रेक्षक घेऊ नयेत म्हणायचा. कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरनं १९६५ पासून नट थेट शाळांत पाठवले. आमचे आयोजक मात्र सगळ्या शाळा एका मांडवात बसवतात, ध्वनिक्षेपक लावतात आणि फोटो काढतात. हजार पोरांत ‘होऽऽ’शिवाय दुसरं काय येणार? मांडवातला खेळ हवा तर करा. त्याला गाणी आणि घोड्याची रेवाल चाल पुरेशी आहे. पण नाटक घडवायचं ते एकेका वर्गात, विनातिकीट. त्या वर्गांतल्या प्रयोगांचा खर्च तालमीच्या खर्चात धरून आयोजकांकडून आधीच मागून घ्यावा.