बुजरा घोडा आणि गजबजलेला रस्ता

लग्नसराईच्या दिवसांत जालना शहराच्या कोणत्याही पेठेंत सायंकाळीं घटकाभर उभें राहावें, म्हणजे नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडे निघालेला बहुधा दृष्टीस पडतो. पुढें ताशा व बँड, त्यामागें ध्वनिवर्धकांचे खोके लादलेली गाडी, मध्यें नाचणारी तरुण मंडळी, आणि या सर्वांच्या मागें जरीची झूल पांघरलेला, माथ्यावर तुरा डुलविणारा घोडा. कोठेंतरी फटाक्यांची माळ तडतडते. घोडा एकाएकीं थबकतो, कान मागेंपुढें फिरवितो, नाकपुड्या फुगवून फुरफुरतो आणि बाजूला उडी घेतो. मंडळी हंसतात. "घोडें भित्रें आहे," असा निकाल कोणीतरी देतो, आणि धीर द्यावा म्हणून मागून त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारतो. थाप मारणाराचा हेतु चांगलाच असतो. परंतु घोड्याला ती न दिसणाऱ्या बाजूनें आलेली असते, आणि पुढची लाथ कोणाच्या बरगडीस लागावयाची हें केवळ दैवावर राहतें.

हा प्रकार हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. तीनशें साडेतीनशें किलो वजनाचें जनावर गर्दींत उधळलें तर काय होईल, याची कल्पना करण्यास विशेष बुद्धि लागत नाहीं. पाठीवर बसलेल्या नवरदेवानें जन्मांत पूर्वीं कधीं घोड्यावर मांड टाकलेली नसते; त्याच्यापुढें एखादें लहान मूल बसविलेलें असतें, आणि त्याचे पाय रिकिबीपर्यंत पोंचत नाहींत. शिवाय घोड्याच्या धन्याचाहि विचार करावयास पाहिजे. लग्नसराईच्या चार महिन्यांवर त्याच्या घरची वर्षाची बेगमी अवलंबून असते. घोडा एकदां उधळला कीं ती बातमी गांवभर होते, पुढचीं बोलावणीं बंद पडतात, आणि मग तें जनावर बाजारांत मिळेल त्या किंमतीस फुंकून टाकावें लागतें.

घोडा बुजतो तो कां, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. गवत खाऊन जगणारें, शिंगें नसलेलें आणि धांवण्यावांचून दुसरें संरक्षण नसलेलें हें जनावर. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें तीनशें साठ अंशांपैकीं जवळजवळ साडेतीनशें अंशांचा प्रदेश त्याला मान न वळवितां दिसतो. न दिसणाऱ्या जागा दोनच : शेपटीच्या अगदीं मागची आणि कपाळाच्या व नाकाच्या अगदीं पुढची. ह्याच दोन जागांतून माणसें त्याच्याजवळ येतात, हें आपलें अज्ञान. त्याचे कान एकमेकांपासून स्वतंत्रपणें फिरतात, आणि मनुष्याच्या कानास जे अति बारीक व उंच स्वर ऐकूं येत नाहींत, तेहि त्याला ऐकूं येतात. उजेडांतून अंधारांत किंवा अंधारांतून उजेडांत आल्यावर त्याच्या डोळ्यांस स्थिर होण्यास माणसापेक्षां अधिक वेळ लागतो. म्हणून रात्रीच्या वरातींत लुकलुकणारे दिवे त्याला दिवसाच्या गोंगाटापेक्षांहि जड जातात. घोड्याला माणूस हत्तीएवढा दिसतो व म्हणूनच तो माणसाचें ऐकतो, असा एक समज खेड्यापाड्यांतून आहे. त्याला कांहींहि आधार नाहीं. घोडा माणसाचें ऐकतो तें संवयीनें आणि विश्वासानें, आणि तो विश्वास तुटला म्हणजे ऐकेनासा होतो.

घोडा आणि गोंगाट यांची गांठ या जिल्ह्याच्या मातीला नवी नाहीं. भोकरदन व जाफराबाद यांच्या टापूंत असई हें गांव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं तेथें दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशीं जनरल वेलस्ली याची लढाई झाली. केळणा नदी उतरून जात असतां मराठ्यांच्या तोफांचा मारा सुरू झाला, आणि वेलस्लीच्या निकट असलेल्या एका गोऱ्या स्वाराचें मस्तक गोळ्यानें उडालें. धड मात्र खोगिराच्या सामानांत अडकून बैठकीवर तसेंच राहिलें. भ्यालेला घोडा तें ओझें अंगावरून पडेपर्यंत उसळत आणि लाथा झाडीत होता. त्याच दिवशीं वेलस्लीच्या मांडीखालीं एक घोडा ठार झाला, आणि डायोमेड नांवाच्या त्याच्या आवडत्या घोड्यास भाला लागला.

त्या स्वाराच्या घोड्याची हकीकत भयंकर असली तरी विचार करण्यासारखी आहे. रिसाल्यांतला घोडा तो. तोफांचा आवाज त्याच्या कानांस अगदींच अपरिचित नसावा. परंतु त्या आवाजांत ज्या मांडीचा आणि ज्या हाताचा आधार त्याला ठाऊक होता, तोच क्षणांत नाहींसा झाला, आणि पाठीवर एक हेलकावणारें ओझें तेवढें उरलें. बाहेरचा गोंगाट घोड्याला सोसवतो तो पाठीवरच्या माणसाच्या स्वस्थपणावर. मग ज्याची मांड डळमळते, ज्याचा हात लगामाला झटके देतो, असा स्वार पाठीवर असतां भररस्त्यांत घोड्यानें स्वस्थ राहावें ही अपेक्षा कशी पुरी व्हावी?

मराठी फौजेंत बारगीर व शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिरास घोडा सरकारी पागेंतून मिळे. शिलेदाराचा घोडा त्याच्या घरचा. शिवाजीमहाराजांच्या पागेंत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तितक्या घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद अशी व्यवस्था असल्याचें सभासदाच्या बखरीवरून कळतें. बारगिराचा घोडा पडला तर पागा त्याला दुसरा देई. शिलेदाराचा घोडा पडला तर त्याची रोजी बुडे. लग्नाच्या घोड्याचा आजचा मालक हा या अर्थानें शिलेदारच होय. त्याच्या पाठीशीं पागा नाहीं, पखालजी नाहीं, आणि घोडा शिकविणारा चाबुकस्वारहि नाहीं. सर्व कामें त्याला एकट्यालाच करावीं लागतात, आणि तीं अशा ठिकाणीं कीं, जेथें कानठळ्या कधींच थांबत नाहींत. एका बाजूस लोखंडी सळया वाहणाऱ्या मालमोटारींचा खडखडाट, दुसऱ्या बाजूस आगगाडीची शिटी, आणि मध्यें ठाण. बुजरा घोडा शिकवावयाचा तर शांत माळ पाहिजे, असें पुस्तकांतून सांगितलेलें असतें. ज्याच्या घराशेजारीं माळच नाहीं, त्यानें काय करावें?

त्यानें गोंगाट थांबण्याची वाट पाहूं नये; गोंगाटाचें माप मात्र आपल्या हातीं ठेवावें. मोटारींची रहदारी पहाटे विरळ असते; शिकवणीचे पहिले आठ-पंधरा दिवस त्याच वेळीं काढावे. आरंभीं पाठीवर बसण्याची कांहींच घाई नाहीं. लांब दोर लावून घोड्याला काव्यावर धरावें, म्हणजे आपण मध्यें उभें राहून त्याला सभोंवार फिरवावें, दोन्ही अंगांनीं सारखें; थांब म्हटल्यावर थांबणें आणि चल म्हटल्यावर चालणें एवढेंच त्याच्या अंगवळणीं पाडावें. नंतर रस्त्यापासून दूर उभें करून त्याला तोबरा द्यावा. येथें एक खूण फार उपयोगी आहे. दूरचा आवाज ऐकून घोड्यानें कान टवकारले, पण दाढा चालूच राहिल्या, तर अंतर योग्य आहे. चघळणें थांबून मान ताठ झाली, तर आपण फार जवळ आलों. अशा वेळीं त्याला तेथेंच डांबून न ठेवतां वीस-पंचवीस पावलें मागें न्यावें, आणि दाढा पुन्हां चालूं लागेपर्यंत थांबावें. दुसऱ्या दिवशीं दोन पावलें पुढें. युरोपांतील घोडदळांत दाणा देण्याच्या वेळींच तबेल्याजवळ नगारे वाजवून व पिस्तुलांचे बार काढून घोड्यांस आवाजाची संवय करीत असत, त्यांतील तत्त्व हेंच. आज तर हें काम फारच सोपें झालें आहे. बँडचा आणि फटाक्यांचा आवाज खिशांतल्या मोबाईलवर साठवून ठेवितां येतो, आणि तो प्रथम अगदीं हळू, मग रोज किंचित् मोठा, असा दाण्याच्या वेळीं लावतां येतो. बँडवाल्यांची मनधरणी करावी लागत नाहीं.

एखादा जुना, सरावलेला घोडा शेजारीं मिळाला तर अर्धें काम झालें असें समजावें. घोडा हें कळपांतलें जनावर असल्यामुळें शेजारचा स्वस्थ उभा आहे हें पाहून तोहि पुष्कळ वेळां स्वस्थ होतो. याच्या उलटहि खरें आहे. दोन बुजरे घोडे एकत्र नेणें म्हणजे एकाच्या भीतीनें दुसऱ्याला पेटविणें.

कित्येक जण याच्या अगदीं विरुद्ध उपाय करतात. नवा घोडा आणून त्याला पहिल्याच दिवशीं अगाडी-पिछाडीनें जखडतात आणि दिवसभर वाजंत्र्यांजवळ उभा करतात. सरावेल आपोआप, असें त्यांचें म्हणणें. घोडा प्रथम धडपडतो, घामानें निथळतो, आणि अखेर मान खालीं घालून उभा राहतो. मालक म्हणतो, झाला तयार. परंतु तें स्वास्थ्य नव्हे, तें थकणें आहे. डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असतो, जबडा आवळलेला असतो, शेपूट मागच्या पायांत दाबून धरलेली असते. असा घोडा दहा वेळां मुकाट्यानें चालतो आणि अकराव्या वेळीं, कोणालाहि कारण न कळतां, उधळतो. खऱ्या स्वस्थ झालेल्या घोड्याची मान सैल पडते, तो लांब श्वास टाकतो, ओंठ चाटतो, आणि एक मागचा पाय ढिला सोडून उभा राहतो. ज्याला हा फरक ओळखतां येत नाहीं, त्यानें लहान मुलांना घोड्यावर बसवूं नये.

झेनोफन नांवाच्या ग्रीक ग्रंथकारानें सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वीं अश्वारोहणावर लिहिलें, त्यांत या विषयीं फार मार्मिक विवेचन आहे. ज्या वस्तूला घोडा बुजतो, तिच्यापाशीं त्याला गोडीनें न्यावें, आणि आपण स्वतः तिला हात लावून दाखवावा, असें त्याचें सांगणें. मारून पुढें ढकलल्यास भीति वाढतेच. कारण मार बसला तो त्या वस्तूमुळेंच, अशी घोड्याची समजूत होते. एवढ्या जुन्या काळीं कळलेली ही गोष्ट आजहि किती मोतद्दारांच्या चाबकाला कळली आहे, हा प्रश्नच आहे. शिकंदराचा बुसिफलस आपल्याच सावलीला बुजत असे. त्याचें तोंड सूर्याकडे वळवितांच तो शांत झाला, ही प्लुटार्कनें सांगितलेली कथा शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असते. त्यांतील खरें शहाणपण शौर्यांत नसून निरीक्षणांत आहे.

पाठीवर बसून रस्त्यास निघाल्यावर मुख्य काम हातांचें आणि श्वासाचें असतें. घोडा बुजेल अशी धास्ती घेऊन स्वार लगाम आवळतो, मांड्या दाबतो, श्वास कोंडतो. घोडा हें सर्व जाणतो आणि समजतो कीं पुढें खरोखरच कांहीं संकट आहे. नजर बुजण्याच्या वस्तूवर न ठेवतां रस्त्याच्या दूरच्या टोंकावर ठेवावी. लगाम दोन्ही हातांनीं एकदम खेंचूं नये. घोडा पळूं लागला तर एका बाजूचा लगाम हळूहळू घेऊन त्याला लहान फेरांत वळवावें, म्हणजे वेग आपोआप मोडतो. वळवावयास जागा नसेल तर उतरून मानेपाशीं उभें राहावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

शहरी गोंगाटापुढें घोड्यांनीं माघार घेतल्याचें एक ठळक उदाहरण मुंबईचें. तेथील पोलिसांचें घोडदळ वाढत्या रहदारीमुळें १९३२ सालीं बंद करण्यांत आलें, आणि तेंच २०२० सालीं पुन्हां उभें करण्यांत आलें. या अठ्ठ्याऐंशीं वर्षांत मुंबईचा गोंगाट कमी झाला असें कोणीहि म्हणणार नाहीं. तेव्हां आवाज हें कांहीं सर्वस्वीं अनिवार विघ्न नव्हे. मात्र लग्नाच्या घोड्याला वाद्याच्या ठेक्यावर नाचविण्याची जी चाल पडली आहे, तिच्यापायीं शिकवणीच्या नांवाखालीं पुष्कळ क्रूरपणा चालतो. तोंडांत कांटेरी लगाम घालून घोडा थयथयतो, त्याला लोक नाच समजून पैसे ओंवाळतात. हा लगाम १९६५ च्या नियमांनीं कायद्यानें बंद आहे. तरी तो अजून पाहावयास मिळतो. ज्याच्या जिभेला आणि टाळ्याला प्रत्येक झटक्यासरशीं टोंचतें, त्या घोड्याला बँडचा आवाज आला कीं दुखणार, एवढेंच शिकविलें जातें. मग तो बँडला बुजला तर नवल काय?

लग्नघरच्या मंडळींकडेहि थोडें काम आहे. वाजंत्री घोडा येण्यापूर्वींच दूरवर सुरू करावीं, त्याच्या कानाशीं एकदम वाजवूं नयेत. ध्वनिवर्धकाची गाडी आणि घोडा यांत निदान पन्नास पावलांचें अंतर ठेवावें, फटाके मिरवणूक पुढें गेल्यावर उडवावे, आणि घोड्याच्या मागून मुलांना धांवूं देऊं नये. मोतद्दारानें डोक्यापाशीं, किंचित् डाव्या बाजूस, दोर सैल धरून चालावें.

नवीन घोडा घेणारे मराठवाड्यांतील लोक बहुधा नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेस जातात, कोणी खानदेशांत सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या बाजारास जातात. तेथें विकणारा घोडा पळवून दाखवितो, नाचवून दाखवितो, आणि घेणारा दांत व पाय पाहून सौदा ठरवितो. घेणारानें आणखी एक करावें. त्याच घोड्याला दुसऱ्या दिवशीं भर बाजाराच्या गर्दींत, विकणाराला न सांगतां, लांबून अर्धा तास नुसतें पाहावें : शेजारून ढोल गेला असतां त्याच्या दाढा चालूं राहतात कीं थांबतात.