घसाऱ्याचा तक्ता पाच वर्षांत संपतो

मूल्यांकनकार मित्रांनो,

या खुर्चीवर तुम्ही मला बसवलंत ते मी खूप गाड्या पाहिल्या म्हणून, असं प्रास्ताविकात सांगितलं गेलं. मी खूप चुका केल्या, हे सांगायचं राहिलं. त्यातली एक आधी कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी एक इटालियन, दोन आसनी गाडी माझ्याकडे मूल्यांकनाला आली. वय आठ वर्षं, एकहाती, मीटरवर जेमतेम चार हजार किलोमीटर. रंगाला ओरखडा नाही. मी ‘अत्युत्तम’ असा शेरा मारला आणि आकडाही तसाच घसघशीत लिहिला. घेणाऱ्याने गाडी कारखान्यात नेली तेव्हा कळलं, की टायर दगडासारखे झालेत, सील वाळलेत आणि टायमिंग बेल्ट कंपनीने बसवला तोच आहे. हा बेल्ट गाडी पळो न पळो, ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो. तो तुटला तर इंजिनच जातं. त्या गृहस्थांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त बिलाची प्रत पाठवली.

आपल्या सगळ्यांना विम्याचा तक्ता तोंडपाठ असतो. सहा महिन्यांपर्यंत घसारा ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४० आणि पाचवं वर्ष पुरं होईपर्यंत ५०. पुढे तक्ता हात वर करतो : पाच वर्षांपुढच्या आणि बंद झालेल्या मॉडेलची किंमत विमा कंपनी आणि मालकाने आपसात ठरवावी. रोज ऑफिसला जाणाऱ्या, हजारोंनी खपणाऱ्या गाडीला हा हिशेब बरा लागू पडतो. स्पोर्ट्‌स कारची गोष्ट वेगळी. ती झिजून स्वस्त होत नाही, नवं मॉडेल आलं की होते. एवढे पैसे मोजणाऱ्याला सहसा कोरी गाडी हवी असते, म्हणून जुनीला गिऱ्हाईक मोजकंच.

पण खरी मेख पुढे आहे. गाडीची किंमत निम्मी झाली म्हणून सिरॅमिक ब्रेकचा संच निम्म्यात मिळत नाही. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या ऐपतीत येते, तिची देखभाल मात्र पहिल्याच्याच ऐपतीची राहते. मग सर्व्हिस पुढे ढकलली जाते आणि पुढचं गिऱ्हाईक त्याची पुरेपूर वजावट मागतं. घसरणीचा हा भाग तक्त्यात कुठेच नाही.

तसा चढही नाही. हवेवर थंड होणारी पोर्शे ९११ १९९८मध्ये बंद झाली आणि जुन्या ९११ हळूहळू सोन्याच्या भावाला गेल्या. फेरारी ३६० मोडेना नवी असताना लोकांनी हौसेने बटणांचा गिअरबॉक्स घेतला. आज हाताने गिअर टाकायची ३६० जास्त पैसे मिळवते, कारण तशी फेरारी आता बनत नाही. २५० जीटीओ अवघ्या ३६ झाल्या. त्यातली एक २०१८च्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. आपल्याकडच्या प्रत्येक मालकाला आपली गाडी सदतिसावी वाटते, ही आपल्या धंद्याची कायमची डोकेदुखी.

आपल्या सचिनला २००२मध्ये सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हातून ३६० मोडेना मिळाली. तिच्या आयात शुल्कावरून गदारोळ झाला, पुढे ती सुरतेच्या एका उद्योजकाकडे गेली. तिचं मूल्यांकन करताना ‘सचिन’ हे नाव कुठल्या रकान्यात लिहाल? मी तरी लिहीन. मात्र कागद हातात असतील तरच. ‘अमुक नटाची गाडी आहे’ हे दलालाच्या तोंडून ऐकून एक रुपयाही वाढवू नका.

कराचं थोडक्यात सांगतो. २०२५च्या जानेवारीपासून जुन्या गाडीच्या व्यापाऱ्याला नफ्यावर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, हे तुम्ही जाणता. कर वाचवायला पुदुच्चेरीत नोंदवलेली गाडी मुंबईत विकायला आली, तर ना हरकत दाखला आणि इथला रस्ता कर धरूनच आकडा लिहा. घेणारा तो धरतोच.

आपल्या अहवालाच्या नमुन्यात दोन रकाने वाढवावेत, एवढंच माझं मागणं आहे : गाडी शेवटची कधी चालवली, आणि येत्या दोन वर्षांत तिच्यावर काय खर्च येणार. तसा ठराव दुपारच्या सत्रात मांडतो आहे. जेवण झाल्यावर कृपया लगेच गाड्या काढू नका, मतदानाला थांबा.