बेट आपलं, मग नदी कोणाची?
(उदगीर इथल्या मेळाव्यात केलेलं भाषण. जमले नाहीत त्यांच्यासाठी छापत आहोत. गावात बैठकीत वाचून दाखवावं.)



आम्ही किनवट-इस्लापूरच्या डोंगरातून आलो. रात्री निघालो, सकाळी उदगिरात उतरलो. वाटेत एका म्हातारबाबानं विचारलं, “उदगिरात कुठं आलंय जंगल? तिथं जाऊन काय करता?” प्रश्न बरोबर आहे. इथं किल्ला आहे, बाजार आहे, गायरानं आहेत. आपल्यासारखं सागाचं रान नाही.

पण एक जुनं नातं आहे. उदगीर पूर्वी बिदर जिल्ह्यात होतं. किनवट आणि इस्लापूर आदिलाबाद जिल्ह्यात होतं. दोघांवर राज्य निजामाचं. १९५६ साली राज्य पुनर्रचनेचा कायदा झाला, आणि त्याच एका कलमानं उदगीर तालुका, किनवट तालुका आणि इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात आले. १ नोव्हेंबर १९५६. आमचे अर्धे सोयरे तिकडं आदिलाबादेत राहिले, अर्धे इकडं. मधे रेघ आली. कोणत्या गावानं ठराव केला होता? कोणाला विचारलं होतं? रेघ ओढणारा एक आणि रेघेवर राहणारा दुसरा, हे तेव्हापासूनचं दुखणं आहे. आजचं बोलणं त्याच्यावरच आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत गावोगाव बैठका घेतल्या. जिथं जावं तिथं एकच ऐकू येतं. “दादा, पट्टा मिळाला. झालं की आता! आणखी कशाला मीटिंगा?” कोणी पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगलाय, कोणी देवाजवळ ठेवलाय. ठेवावाच. त्याच्यासाठी लोकांनी मार खाल्ला, केसेस घेतल्या, बायांनी लेकरं काखेत घेऊन मोर्चे काढले. आमच्याच एका गावाच्या दाव्यांचा गठ्ठा एका कचेरीत दोनदा हरवला, तिसऱ्यांदा सगळं लिहून दिलं. त्या पट्ट्याला आम्ही कमी म्हणत नाही.

पण आम्ही म्हणतो, पट्टा अर्धा हक्क आहे. उरलेला अर्धा जंगलात आहे, आणि तो आपण मागितलाच नाही.

हे पहिल्यांदा होत नाही. कुमराम भीम आपल्याला माहीत आहे. जोडेघाटचा. जल, जंगल, जमीन म्हणणारा. त्याचं मागणं नुसतं दोन-चार एकराचं नव्हतं. बारा गावांत आपला कारभार आपण करू, हे ते मागणं होतं. १९४० साली निजामाच्या पोलिसांनी त्याला जोडेघाटला गोळ्या घालून मारलं. त्यानंतर सरकार जागं झालं. गोंडांचं दुखणं काय आहे ते बघायला हैमेनडॉर्फ नावाचा अभ्यासक पाठवला. त्यानं खरं ते लिहिलं, म्हणून पुढं पुष्कळ गोंड-कोलामांना पट्टे मिळाले. चांगलं झालं. पण जंगल? ते राखीव म्हणून फॉरेस्टकडंच राहिलं. माणूस जमीन आणि कारभार दोन्ही मागत होता. जमिनीचा तुकडा दिला आणि कारभाराचं बोलणं बंद झालं.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्याच नशिबी. नाही हो. अमेरिकेत अगदी पूर्वेच्या टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथं वाबानाकी आदिवासी राहतात. वाबानाकी म्हणजे पहाटेच्या देशातले लोक. पेनोब्स्कॉट, पासामाक्वॉडी, मालिसीट, मिकमॅक अशा त्यांच्या जमाती. आपल्याकडं कोलाम बांबूची सुपं-टोपल्या विणतात, तशा ते अॅश नावाच्या झाडाच्या पट्ट्यांच्या टोपल्या विणतात. त्यांचा दावा होता की आमच्या जमिनी बेकायदा घेतल्या. १९८० साली तडजोड झाली. ८ कोटी १५ लाख डॉलर मिळाले, त्यातून जमीन विकत घेता आली. पण त्याच कागदात अशी अट घातली की यापुढं देशातल्या आदिवासींच्या भल्याचा नवा कायदा झाला आणि तो मेन राज्याच्या अधिकाराच्या आड येत असला, तर नाव घेऊन सांगितल्याशिवाय तो यांना लागू नाही. पैसा दिला, अधिकार बांधून ठेवला.

त्यातली पेनोब्स्कॉट जमात पेनोब्स्कॉट नदीतल्या बेटांवर राहते. नदीवरूनच त्यांचं नाव. मासे धरणं, होडी वल्हवणं, सगळं नदीवर. नदी कोणाची म्हणून कोर्टात भांडण गेलं. २०२१ साली वरच्या कोर्टानं निकाल दिला की बेटं तुमची, भोवतालचं पाणी तुमच्या राखीव क्षेत्रात नाही. २०२२ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्यांचं अपील ऐकायलाही नकार दिला.

बघा म्हणजे! बेट तुझं, नदी तुझी नाही. आणि आपल्याला काय मिळालं? वावर तुझं, जंगल तुझं नाही. नाल्याच्या अलीकडं तू मालक, पलीकडं पाय ठेवला की चोर. चार एकरात ज्वारी-कापूस होईल. सरपण कुठून आणायचं? मोहफूल, डिंक, चारोळी, तेंदूपत्ता? बांबू? जनावरं कुठं चारायची? पेनठाणा तर डोंगरावर आहे, तिथं जायला कोणाची चिठ्ठी घ्यायची?

त्या लोकांनी हार मानली नाही, हेही सांगितलं पाहिजे. नदीवरची मोठी धरणं काढावीत म्हणून त्यांनी इतर संघटनांबरोबर काम केलं. २०१२ आणि २०१३ साली दोन धरणं पाडली. जे मासे वर चढू शकत नव्हते ते परत लाखांनी चढू लागले. कागदावर नदी त्यांची नाही, तरी नदीची काळजी त्यांनीच घेतली.

आपली गोष्ट त्यांच्यापेक्षा एका बाबतीत बरी आहे. आपल्याकडं कायदा झालेला आहे. वनहक्क कायदा, २००६. त्याच्या कलम ३(१)(झ) मधे, इंग्रजी प्रतीत जे (आय) आहे, गावानं परंपरेनं राखलेलं जंगल सांभाळायचा, वाढवायचा आणि त्याचा कारभार करायचा हक्क लिहिलाय. कलम ५ म्हणतं, जंगलाचं, पाण्याचं, जनावरांचं नुकसान थांबवायचा अधिकार ग्रामसभेला आहे. कोलामांसारख्या आदिम जमातींसाठी त्यांच्या सगळ्या वस्तीक्षेत्राचा हक्क वेगळा दिलाय. एकट्याचा दावा नमुना अ मधे. जंगलाचा दावा २०१२ च्या दुरुस्तीनंतर नमुना क मधे. आपण अ भरला आणि घरी गेलो. क कोरा राहिला.

क भरला तर काय होतं ते मेंढा गावात बघा. गडचिरोली जिल्हा, धानोरा तालुका, गोंडांचं लहान गाव. “मावा नाटे मावा राज” म्हणणारं, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार म्हणणारं. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क त्यांनी मिळवला. तरी बांबू न्यायला वाहतूक पास मिळेना. भांडले. एप्रिल २०११ मधे केंद्राचे वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासबुक ग्रामसभेच्या हातात दिलं. बांबू ग्रामसभेनं विकला. तिथं निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या संमतीनं होतो. एक जण नाही म्हणाला तर पुन्हा बसायचं. वेळ लागतो. पण घेतलेला निर्णय मोडत नाही.

आता कडू बोलतो. राग मानू नका. जंगल आपलं म्हणणाऱ्यांतच काही जण रात्री साग तोडून व्यापाऱ्याच्या गाडीत टाकतात. नाकेदाराला माहीत, गावाला माहीत, कोणी बोलत नाही. मोह वेचायच्या आधी पाला जाळतो, जाळ डोंगरभर जातो, बारकी रोपं करपतात. मग साहेब म्हणतो, “यांच्या हातात जंगल दिलं तर दोन वर्षांत उजाड करतील.” त्याला उत्तर भाषणानं देता येणार नाही, राखून द्यावं लागेल. दावा मंजूर होईपर्यंत थांबायचं कशाला? पेनोब्स्कॉटवाले थांबले नाहीत. आजपासून रोज दोन घरांची पाळी लावा राखणीला. हक्काचा सर्वांत मोठा पुरावा तोच.

मग करायचं काय? एवढं करा.

वाडी-पाड्याची वेगळी ग्रामसभा बोलवा. निम्मे लोक पाहिजेत, आणि जमलेल्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. बाया नसतील तर बसूच नका. सरपण, मोह, पाणी कुठं आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

म्हाताऱ्या माणसांना घेऊन शीव फिरा. कोणता नाला, कोणता दगड, कुठं जुनी विहीर, कुठं मसणवटी, कुठं देव, हे लिहून काढा. गोंडी-कोलामीत जे नाव आहे तेच लिहा. म्हाताऱ्यांचा लेखी जबाब नियमाप्रमाणे पुरावा धरतात. एक म्हातारा गेला की डोंगराची दहा नावं जातात. नाव गेलं की शीव गेली. म्हणून उद्या म्हणू नका.

शेजारच्या गावाला बोलवून शिवेवर बसा. आपसात भांडण ठेवलं तर वरचा त्याच्याच आधारानं दावा पाडेल.

नमुना क भरा, ठराव जोडा, उपविभागीय समितीला द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. काही अडवलं तर कारण लेखी मागा.

उदगीरच्या भावांनो, बहिणींनो, तुम्ही गायरान कसता. वनहक्क कायदा गायरानाला लागू होत नाही, खोटी आशा आम्ही लावणार नाही. पण प्रश्न सारखाच आहे. गावाची सामाईक जमीन कोणाच्या निर्णयानं चालायची? तुमच्या लढ्यात आम्ही येऊ, आमच्या लढ्यात तुम्ही या.

पट्टा जपून ठेवा. पण आढ्याकडं बघत बसू नका. दार उघडून डोंगराकडं बघा. बेट मिळालंय. आता नदी मागायची.

जल, जंगल, जमीन, कारभार आमचा!
जय सेवा!