आईची ओवी आणि मुलाची गिटार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "तुम्हीही काहीतरी बोला" असा आग्रह धरला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करणे हे काही माझे काम नव्हे. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक गोष्ट घडली, ती आपल्याला सांगावी असे मनाने घेतले. गोष्ट अगदी घरगुती आहे, गोड मानून घ्यावी.

माझे माहेर मुळशीकडचे. १९९८ साली माझ्या लग्नाची हळद दळायला बायका जमल्या, तेव्हा मामांनी टेपरेकॉर्डर आणला होता. आई जात्यावर बसली आणि ओव्या म्हणू लागली. नेमकी वीज गेलेली, म्हणून टेप सेलवर चालवला. तेवढी एकच कॅसेट. पुढे २००३ साली आई गेली. ती कॅसेट मी लग्नातल्या शालूच्या घडीत जपून ठेवली. मधूनमधून लावून बघे, पण ऐकून समाधान काही होत नसे. आवाज बारीक, चिरका, पोरसवदा वाटे. माणूस गेले की त्याचा आवाजही हळूहळू आपल्याजवळून जातो, अशी मी मनाची समजूत घातली होती.

माझा मुलगा कॉलेजात शिकतो आणि गिटार वाजवतो. एक दिवस म्हणाला, "आई, आजीच्या ओव्यांना मी साथ करतो. तू फक्त शेजारी बसून ऐक." मी भजनात बसणारी, पेटीच्या पट्ट्या मला ठाऊक आहेत. तेव्हा बसले.

गिटारला सहा तारा असतात. जाड तारेकडून बारीक तारेकडे त्या ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. पेटीवर सांगायचे तर पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. कॅसेटवर आईचा षड्ज काळी चारला लागत होता. मोकळ्या तारांत तो सूर कुठेच नव्हता. ओवीच्या मागे तर तंबोऱ्यासारखा षड्ज-पंचम सतत घुमायला हवा. मुलाने नेहमीच्या पद्धतीने दोनचार वेळा वाजवून पाहिले. ते ओवीच्या शेजारी उभे राहिल्यासारखे वाटे, ओवीबरोबर चालत नसे.

मग त्याने खुंट्या पिळून तारा सैल केल्या. सहावी, पाचवी आणि पहिली अशा तीन तारा एकेक पूर्ण स्वर खाली आणल्या, बाकीच्या तीन तशाच ठेवल्या. आता पांढरी पाच हा षड्ज धरला तर जाडीकडून क्रमाने प, सा, प, सा, ग, प असे सूर मिळू लागले. नुसता हात फिरवला तरी तारा तंबोऱ्यासारख्या घुमत.

मुलाने सांगितले, की ही युक्ती त्याची नव्हे. १८३०च्या सुमारास मेक्सिकोकडचे गुराखी हवाई बेटांवर गेले, त्यांच्याबरोबर गिटार तिथे पोचली. तिथल्या लोकांनी आपल्या गाण्यांना जुळावे म्हणून तारा सैल करून लावायच्या कितीतरी रीती काढल्या. या रीतीला ते "टॅरो पॅच" म्हणतात. टॅरो म्हणजे आपला अळू! म्हणजे ही अळूच्या वाफ्याची रीत झाली. मला मोठे हसू आले. अळूची पाने मी इतकी वर्षे चिरते आहे, त्याच नावाने गिटारही लावतात हे मला कुठून ठाऊक असणार?

कॅसेटवरचा षड्ज काळी चार, म्हणजे आणखी अर्धा स्वर वर. त्यासाठी मुलाने गिटारच्या मानेवर पहिल्या घरात चिमटा बसवला. सूर जुळले. मुलगा खूश झाला. मी मात्र गप्पच होते. आवाज अजूनही आईचा वाटेना.

तेवढ्यात कॅसेटमध्ये मागे घड्याळाचे चार टोले पडले. माहेरच्या ओटीवरचे ते जुने घड्याळ! ते अजून भावाच्या घरी चालते. मी म्हटले, "अरे, हे टोलेसुद्धा चढे वाटतात." भावाला फोन केला. त्याने दुसऱ्या दिवशी चार वाजता टोले मोबाइलमध्ये भरून पाठवले. दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिले, तर कॅसेटवरचे टोले बरोबर अर्धा स्वर वर!

मुलाने कारण उलगडून सांगितले. टेप भरताना सेल उतरलेले होते, म्हणून फीत हळू फिरली. तीच फीत पुढे योग्य वेगाने लावली की ती भरतानापेक्षा जलद फिरते, आणि आवाज चढा, बारीक होतो. त्याने संगणकावर वेग शेकडा सुमारे सहाने कमी केला. टोले घड्याळाशी जुळले आणि आईचा षड्ज पांढरी पाचवर उतरला. गिटारवरचा चिमटा काढून टाकला, तर मोकळ्या तारा आईच्या सुराला जशाच्या तशा मिळाल्या. आणि भगिनींनो, पदर खोचून जात्याशी बसणारी, भरदार आवाजाची माझी आई बावीस वर्षांनी माझ्या स्वयंपाकघरात ओवी म्हणू लागली. मला पुढे ऐकवेना. हातातले काम टाकून मी रडत बसले.

एक अडचण मात्र उरली होती. आईचा गंधार कोमल नाही आणि शुद्धही नाही, मध्येच कुठेतरी लागतो. पेटीवर पांढरी सात आणि काळी पाच यांच्यामध्ये पट्टीच नाही. गिटारवरही बोट दाबायची घरे ठरलेली. पण मोकळ्या तारेला घराचे बंधन नसते. मी आईची ओवी ऐकत "आणखी किंचित खाली" म्हणत गेले आणि मुलगा दुसऱ्या तारेची खुंटी फिरवत गेला. मोबाइलमधले सूर तपासायचे यंत्र तार चुकली म्हणून दाखवत होते. मुलगा थांबला. मी म्हटले, "यंत्राला चुकू दे. आजी बरोबर आहे." तिथेच तार पक्की केली.

पुढे एका ओळखीच्या गृहस्थांनी आईचे सूर यंत्राने "दुरुस्त" करून देऊ म्हणून सुचवले. मी हात जोडून नको म्हटले. फितीचा वेग चुकला होता, तो सुधारणे योग्यच. पण आईचा गंधार ही चूक नव्हती, तो तिचा होता. साथ करणाऱ्याने आपल्या तारा गाणाऱ्याप्रमाणे लावायच्या असतात, गाणाऱ्याला आपल्या तारांवर ओढायचे नसते. संसारातही मला याचा उपयोग होतो, पण ते असो.

हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एवढे मोठे काम आपल्या हातून होणार नाही. पण आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांचा आवाज तरी आपण भरून ठेवू शकतो. तसे करताना आधी पेटीचा एक सूर वाजवावा, म्हणजे पुढे मेळ घालायला खूण राहील. गाणारीचे नाव, गाव आणि साल सुरुवातीलाच बोलावे. आणि मागे घड्याळ वाजले किंवा भांडे पडले, तर ते पुसून टाकू नये. आमची आई आम्हाला त्या टोल्यांमुळेच सापडली.