‘माहीत होतं’ म्हणजे नक्की काय?

आजचा भाग छोटा आहे, आणि कोडबद्दल नाहीये. एका वाक्याने मला कसं अडकवलं, त्याबद्दल आहे.

गेल्या वर्षी एका रविवारी आमची एक सर्व्हिस बंद पडली. कारण साधंच, सर्व्हरच्या टीएलएस सर्टिफिकेटची मुदत संपली होती. ते रिन्यू करायची स्क्रिप्ट दोन वर्षांपूर्वी मीच लिहिली होती. मग माझी टीम बदलली आणि सगळं डोक्यातून गेलं. सोमवारी रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ‘आय न्यू हाउ टु रिन्यू इट.’ मनात मराठी वाक्य होतं, ‘कसं करायचं ते मला माहीत होतं.’ परदेशातल्या मॅनेजरचा लगेच प्रश्न आला: माहीत होतं, तर मग चार तास का लागले?

त्यांचं काही चुकलं नव्हतं. रिपोर्ट रविवारचा, म्हणजे ‘न्यू’ वाचून त्यांनी रविवारीच माहीत होतं असं धरलं. मला म्हणायचं होतं ‘आय यूज्ड टु नो’. एकेकाळी यायचं, आता विसरले. आपण मराठीत दोन्हीकडे ‘माहीत होतं’च म्हणतो. ‘अगं, माहीत होतं गं मला...’ असा सूर ओढला की समोरचीला कळतं, हिला आता आठवत नाहीये. पण रिपोर्टमध्ये सूर कुठून आणणार?

मग मी शहाणपणा करून ‘आय हॅड नोन’ टाकलं. ऐकायला भारदस्त वाटतं ना! पण ‘हॅड नोन’ म्हणजे भूतकाळातल्या एखाद्या क्षणाच्याही आधीपासून माहीत असणं. सर्व्हर पडला त्याच्या आधीपासून हिला माहीत होतं, असा अर्थ निघाला असता. म्हणजे कबुलीजबाबच की! पाठवायच्या आधी खोडलं, नशीब.

(‘हॅव नोन’चा घोळ वेगळा. ‘मी त्याला दहा वर्षांपासून ओळखते’ हे आपल्याकडे वर्तमानकाळात येतं, म्हणून आपण सर्रास ‘आय नो हिम सिन्स टेन इयर्स’ म्हणतो. तिथे हवं ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’. असो.)

खरी पंचाईत पुढच्या प्रश्नाला झाली. टीम सोडताना मुदतीबद्दल कुणाला सांगितलं होतं का? मी टाइप केलं, ‘आय रिमेंबर्ड टु टेल देम.’ आणि थांबले. याचा अर्थ, आठवणीने सांगितलं, म्हणजे सांगितलंच. ‘आय रिमेंबर टेलिंग देम’ म्हणजे सांगितल्याचं मला आठवतंय. आठवण माझी, ती चुकूही शकते. गंमत म्हणजे हा फरक मराठीत स्वच्छ आहे, तरी इंग्रजी लिहिताना हात आपोआप सोयीच्या वाक्याकडे गेला.

जुने मेल शोधले, चॅट शोधले. कुठेच काही सापडलं नाही. मग दुसरं वाक्य ठेवलं आणि त्याखाली लिहिलं की लेखी काही नाही. त्यावर मॅनेजरचं उत्तर एका ओळीचं होतं, थँक्स. मुदतीची तारीख आता सगळ्या टीमच्या कॅलेंडरवर आहे.

चला, भेटू पुढच्या भागात.