ट्रायल संपली, आता पहारा कोणाचा?

नव्या लॅपटॉपमध्ये आधीच टाकून आलेला अँटिव्हायरस बघितलाय ना? मुदत असेपर्यंत गुपचूप चालतो, मग रोज पॉप-अप: रिन्यू करा. आपण क्रॉस दाबतो. आयकॉन तर खाली दिसतोय, मग कसली काळजी!

इथेच गोची आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर फुकटच येतो. पण दुसरा अँटिव्हायरस टाकला की तो बाजूला होतो. ट्रायल संपल्यावर विंडोज विचारतं, हाच रिन्यू करायचा की डिफेंडर लावायचा? तीही सूचना आपण त्याच झटक्यात उडवतो.

मालवेअरबाइट्सचं बघा. प्रीमियम ट्रायल १४ दिवसांची. नंतर अ‍ॅप राहतं, स्कॅनचं बटणही चालतं, पण रिअल-टाइम प्रोटेक्शन जातं. म्हणजे फाइल उघडतानाच अडवायचं काम ते सोडून देतं. घाण सापडणार ती नंतर, तुम्ही स्कॅन माराल तेव्हा.

आज स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करा आणि 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडा. तिथे मुदत संपलेलं नाव दिसलं, तर पैसे भरा नाहीतर ते अनइन्स्टॉल करा. मी तर काढूनच टाकेन, घरच्या वापराला डिफेंडर पुरतो. मग रीस्टार्ट करून रिअल-टाइम प्रोटेक्शन 'ऑन' आहे का, तेवढं बघा.